नोकरी सुटते, शेरा सुटत नाही

नोकरी सुटली की मालक आणि कामगार यांचा संबंध संपला, असा सर्वसाधारण समज आहे. शेवटचा पगार हाती पडला, भविष्यनिर्वाह निधीचे कागद भरले, फाटकावरचा पास परत केला की दोघेही एकमेकांपासून मोकळे. प्रत्यक्षात मात्र एक धागा शिल्लक राहतो आणि त्याचे टोक एकट्या मालकाच्या हाती असते. कामगार दुसऱ्या कारखान्याच्या दारात उभा राहिला की तेथील व्यवस्थापक विचारतो, ‘याआधी कोठे होता? का सोडलेत?’ आणि उत्तराची खातरजमा करण्यासाठी जुन्या मालकाकडे फोन जातो. त्या दोन मिनिटांच्या संभाषणात कामगाराच्या पुढील कित्येक वर्षांचा निकाल लागू शकतो. ज्याच्याविषयी हे संभाषण चालते, तो मात्र फाटकाबाहेर उभा असतो.

जुन्या मालकाच्या वाईट शेऱ्याला तोंड कसे द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता वैयक्तिक वाटतो. वर्तमानपत्रांच्या नोकरीविषयक पुरवण्यांत त्याची उत्तरेही वैयक्तिकच असतात. मुलाखतीत नम्र राहावे, जुन्या मालकाची निंदा करू नये, आत्मविश्वास दाखवावा. हा सल्ला चुकीचा नाही. तो अपुरा आहे. जेथे नोकऱ्या थोड्या, मालक परस्परांच्या परिचयाचे आणि कामगार विखुरलेले, तेथे शेरा हा एका माणसाच्या शीलाचा प्रश्न राहत नाही. तो श्रमिकांना धाकात ठेवण्याचे साधन बनतो. महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत या साधनाची धार विशेष तीक्ष्ण आहे.

एका रस्त्यावरचा श्रमबाजार

या दोन तालुक्यांचे अर्थकारण थोडक्यात सांगता येते. डोंगरउतारावरील भाताचे एक पीक, मुंबईहून येणारी चाकरमान्यांची मनीऑर्डर (आता बँकेतून येणारी रक्कम) आणि बिरवाडी परिसरातील औद्योगिक वसाहत. पोलादपूर तालुक्यात मोठा उद्योग नाही. तेथील तरुणाला घर न सोडता पगारी काम हवे असेल तर त्याने महाडकडे पाहायचे. ते नाही मिळाले तर मुंबई, पुणे किंवा सुरत गाठायची. रसायने, रंगद्रव्ये आणि औषधी द्रव्ये बनविणारे कारखाने एकमेकांना लागून आहेत. एका कारखान्यातील पर्यवेक्षक दुसऱ्यात व्यवस्थापक होतो, एकच कंत्राटदार अनेक कारखान्यांना माणसे पुरवितो आणि सायंकाळी ही सारी मंडळी एकाच महामार्गाने घरी जातात. अशा ठिकाणी काळी यादी लिहावी लागत नाही. ती बोलण्यातून आपोआप तयार होते.

मालकांची ही अघोषित एकजूट अर्थशास्त्राला नवीन नाही. अॅडम स्मिथने १७७६ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. कामगारांची एकजूट गाजावाजा करून होते म्हणून सर्वांना दिसते. मालकांची एकजूट शांतपणे, नित्याची म्हणून चालते, त्यामुळे तिची वार्ताही होत नाही, असा त्याचा आशय आहे. भांडवलशाहीच्या आद्य भाष्यकाराने दिलेली ही साक्ष कार्यकर्त्यांनी विसरू नये.

एक उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. पोलादपूरकडचा एक तरुण. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकलेला. सहा वर्षे रिअॅक्टरवर काम केलेला. मुखवट्यांच्या गाळण्या वेळेवर बदलल्या जात नाहीत, अशी लेखी तक्रार तो करतो. काही आठवड्यांनी त्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे सांगण्यात येते. दाखला मागितल्यावर तो मिळतो खरा, पण त्यात कामाच्या कालावधीपुढे एकच वाक्य असते: ‘वर्तणूक समाधानकारक नव्हती.’ किंवा हे वाक्यही नसते, नुसता कालावधी असतो आणि उरलेले काम फोन करतो. ‘तसा कामाला बरा आहे, पण जरा बोलका आहे,’ एवढे म्हटले की पुरते. व्यवस्थापकांच्या भाषेत ‘बोलका’ या शब्दाचा अर्थ काय, हे कोणत्याही कार्यकर्त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

हे उदाहरण कल्पित आहे. पण त्यातील तक्रार कल्पित नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीतील औषधी द्रव्यांच्या एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे बळी गेले. धोकादायक रसायनांच्या सान्निध्यात काम करणाऱ्या माणसाचे ‘बोलणे’ हीच सर्वांच्या प्राणांची पहिली राखण असते. बोलणाऱ्यावर पुढे कायमचा शेरा बसतो, हे शेजारच्या शंभर कामगारांनी पाहिले की तेही गप्प बसतात. वाईट शेऱ्याचे खरे मूल्य येथेच आहे. ज्या एकाला तो बसतो त्याच्यापेक्षा, ज्या शंभरांना अजून बसलेला नाही त्यांच्यावर त्याचा अंमल अधिक चालतो.

याच मातीतील जुना दाखला

मालकाने सेवा घ्यावी आणि मागाहून सेवकाला नालायक ठरवावे, हा अनुभव महाडला नवा नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात कोकणातील महार सैनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रज सरकारने त्यांची भरती बंद केली. ‘लढवय्या’ आणि ‘बिगरलढवय्या’ जाती अशी विभागणी पुढे करून एका संपूर्ण समाजाला प्रतिकूल शेरा देण्यात आला. शिपायाच्या वैयक्तिक सेवापुस्तिकेत चांगल्या वर्तनाची नोंद असो वा नसो, त्याच्या मुलासाठी दार बंद झाले.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे याच सैन्यातून १८८६ साली निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध सरकारला उद्देशून अर्ज तयार केला. पूर्वजांच्या सेवेची नोंद पुढे ठेवून भरती पुन्हा खुली करण्याची त्यांची मागणी होती. त्या अर्जाला तत्काळ यश आले नाही. पहिल्या महायुद्धात सरकारला माणसांची निकड भासली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडली गेली. आणि अखेर १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली. मधल्या काळात महाडच्याच भूमीवर १९२७ चा चवदार तळ्याचा संग्राम झाला होता आणि या समाजाने कोणाच्याही दाखल्याची वाट न पाहता आपली प्रतिष्ठा स्वतः जाहीर केली होती.

या इतिहासातून दोन गोष्टी निघतात. मालकाला माणसाची गरज असते तेव्हा वाईट शेरा एका रात्रीत पुसला जातो. म्हणजे तो गुणवत्तेचा निर्णय नसून सोयीचा निर्णय असतो. आणि सेवेची नोंद कितीही उज्ज्वल असली तरी एकट्याच्या अर्जाने शेरा हटत नाही; त्यामागे संघटित मागणी उभी राहावी लागते.

कामगाराची वही आणि मालकाचे मौन

शेऱ्याचे हे शस्त्र जगभर वापरले गेले आहे. फ्रान्समध्ये नेपोलियनच्या राजवटीत १८०३ साली प्रत्येक कामगाराला एक वही बाळगण्याची सक्ती झाली. जुन्या मालकाने वहीवर सुटकेची नोंद केल्याखेरीज नव्या मालकाने कामावर ठेवायचे नाही, असा नियम होता. वही जवळ नसलेला कामगार भटक्या ठरत असे. पुढे १८५४ च्या कायद्याने वहीत अनुकूल वा प्रतिकूल अभिप्राय लिहिण्यास बंदी झाली आणि १८९० मध्ये ही वहीच रद्द झाली. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका भांडवलशाही राष्ट्राने मान्य केले होते की, कामाची नोंद आणि चारित्र्याचा अभिप्राय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अभिप्रायाला बंदी झाली की मौन बोलू लागते. ब्रिटिश जहाजांवरील खलाशांच्या पुस्तिकेत प्रत्येक सफरीअखेर कप्तान कौशल्य आणि वर्तन यांविषयी शेरा मारीत असे. ‘फार चांगले’ हा नित्याचा शिक्का. ज्याच्यावर राग असेल त्याच्यापुढे ‘अभिप्राय देण्यास नकार’ एवढेच शब्द पडत. कप्तानाने कोणताही आरोप केलेला नसे, तरीही पुढचे जहाज मिळणे दुरापास्त होई. कोकणच्या किनाऱ्यावरील खलाशी घराण्यांना अशा पुस्तिकेचे मोल शिकवावे लागले नाही. जर्मनीत सेवेचा दाखला हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे आणि त्यात गुप्त खुणा असू नयेत, असेही कायदा सांगतो. तरी तेथे दाखल्यांची एक सांकेतिक भाषा रूढ झालीच. ‘त्याने प्रयत्न केला’ असे लिहिले तर त्याला काम जमले नाही, असे वाचणारा समजतो.

इंग्लंडमध्ये २००९ साली उघडकीस आलेले प्रकरण तर अधिक बोलके आहे. बांधकाम कंपन्यांसाठी एक खाजगी संस्था कामगारांची गुप्त यादी चालवीत होती. सरकारी माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने घातलेल्या छाप्यात ३,२१३ नावे सापडली. कोणी सुरक्षिततेविषयी तक्रार केली, कोण संघटनेचा प्रतिनिधी होता, अशा नोंदी त्यात होत्या. वर्षानुवर्षे काम का मिळत नाही, हे त्यांतील अनेकांना तेव्हा प्रथम कळले. आपल्यातच काही उणीव असावी, अशी समजूत करून घेतलेल्या माणसांना ती उणीव दुसऱ्याच्या दप्तरात लिहून ठेवलेली आढळली.

मुंबईच्या गिरण्यांचा अनुभव महाड-पोलादपूरच्या घराघरांत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. गिरण्या हळूहळू सुरू झाल्या तेव्हा कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, हे गिरणीचे दप्तर ठरवू लागले. लाखावर कामगार पुन्हा फाटकाच्या आत गेले नाहीत. कोकणात परतलेल्या अनेकांपाशी वीस-वीस वर्षांचे कसब होते, पण त्या कसबाची साक्ष देणारा एकमेव साक्षीदार मालक होता आणि तो उलटला होता. ज्या समाजात कौशल्याचा पुरावा केवळ मालकाच्या तोंडी असतो, तेथे कौशल्य ही कामगाराची मालमत्ता राहत नाही.

अर्थशास्त्राच्या चौकटीत

पोलंडचे अर्थशास्त्रज्ञ मिखाल कालेत्स्की यांनी १९४३ साली पूर्ण रोजगाराच्या राजकारणावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. सर्वांना कायम रोजगार मिळू लागला तर ‘कामावरून काढीन’ या धमकीतील दम निघून जाईल आणि कारखान्यातील शिस्त ढासळेल, ही उद्योगपतींची खरी भीती आहे, असे त्यांनी दाखविले. बडतर्फी ही शिस्तीची छडी आहे आणि बेकारीमुळे ती छडी लागते.

वाईट शेरा या छडीची लांबी वाढवितो. बेकारी पुष्कळ असताना कामावरून काढणे ही शिक्षा मोठी असतेच; तरीही काढलेला माणूस दुसरीकडे काम मिळवू शकतो. शेऱ्यामुळे ‘दुसरीकडे’ हा पर्यायच आक्रसतो. परिणामी कामावर असलेला कामगार कमी वेतन, जादा पाळी आणि असुरक्षित यंत्र मुकाट्याने पत्करतो. त्याचे हे मौन ताळेबंदात कोठेही दिसत नाही, पण नफ्यात ते जमा झालेले असते. खुल्या बाजारात श्रमशक्ती विकणारा स्वतंत्र माणूस, हे पाठ्यपुस्तकातील चित्र महाडच्या फाटकाशी येऊन थांबते. येथे विकणाऱ्याच्या मालाची परीक्षा मागचा गिऱ्हाईक करतो, आणि तीही विकणाऱ्याच्या पाठीमागे.

घरकाम करणाऱ्या स्त्रियांची स्थिती याहून बिकट आहे. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरून मुंबईत गेलेल्या बाईने थकलेला पगार मागितला आणि ‘हात जरा चलाख आहे’ असे मालकिणीने शेजारणीला सांगितले, की एका इमारतीतील सगळी घरे एकाच दिवशी बंद होतात. दाखला नाही, चौकशी नाही, उत्तर देण्याची संधी नाही. संघटित कामगाराला निदान कोणाच्या सहीवर बोट ठेवता येते; या बाईला बोट ठेवायला कागदच नसतो.

कायदा कोठे उभा आहे

औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा १९४६ खालील आदर्श आदेशांनी कायम कामगाराला बडतर्फी, सेवामुक्ती वा निवृत्तीच्या वेळी सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क दिला होता. बडतर्फ माणसालाही दाखला मिळाला पाहिजे, हे त्यातील तत्त्व मोलाचे. मात्र हक्क ‘कायम’ कामगारापुरता. कंत्राटी त्यात नाही. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता २०२० अमलात आली आहे. केंद्रीय कायद्यात स्थायी आदेशांसाठी १०० कामगारांची मर्यादा होती. ती संहितेने ३०० वर नेली. बडतर्फीविरुद्ध कामगाराने स्वतः दाद मागण्याची तीन वर्षांची मुदत दोन वर्षांवर आणली. लहान व मध्यम कारखान्यांच्या वसाहतीत या आकड्यांचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

बदनामीचा कायदा आहे. पण दंडसंहितेत आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत, स्वतःच्या वा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला अपवाद आहे. फोनवर काय बोलले गेले, हेच सिद्ध करता येत नाही, तेथे सद्भावनेचा वाद पुढचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याकडून आशा होती. त्या कायद्याने रोजगाराच्या प्रयोजनासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मोकळीक मालकाला दिली, आणि माहिती पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्क मात्र संमतीने दिलेल्या माहितीशी बांधून ठेवला. ज्या माहितीने पोट मारले जाते, नेमकी तीच पाहण्याचा हक्क त्यामुळे दुबळा झाला.

याच देशात सरकारी नोकराची स्थिती वेगळी आहे. देव दत्त विरुद्ध भारत संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ठरविले की, गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा त्या नोकराला कळविला पाहिजे. त्या प्रकरणातील शेरा ‘वाईट’ नव्हता, ‘चांगला’ होता. पण बढतीसाठी ‘फार चांगला’ लागत असल्याने तो घातक ठरला होता. न कळविलेला शेरा हा अन्याय आहे, हे तत्त्व सरकारी कचेरीत खरे असेल तर कारखान्याच्या फाटकाशी ते खोटे कसे ठरते? इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठानेही १९९४ साली स्प्रिंग खटल्यात म्हटले की, जुन्या मालकाने दाखला देताना वाजवी काळजी घेणे हे त्याचे कामगाराप्रती कर्तव्य आहे आणि हयगयीबद्दल तो भरपाईस पात्र ठरतो. मागणी अवास्तव नाही, एवढे यावरून दिसते.

एक आक्षेप

मालकवर्ग म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे, की धोकादायक कारखान्यात कोणाच्या हाती झडप द्यायची हे ठरविण्यापूर्वी त्याची पूर्वपीठिका कळली पाहिजे. मद्यपान करून पाळीवर येणारा माणूस सहकाऱ्यांच्याही जिवावर उठतो. कामगार चळवळीने हा आक्षेप झटकून टाकू नये. त्याला उत्तर असे की, घडलेली घटना, तिची रीतसर चौकशी, कामगाराने दिलेले उत्तर आणि निष्कर्ष हे सर्व लेखी असावे, त्याची प्रत कामगाराला मिळावी आणि ठराविक काळानंतर ती नोंद बाद व्हावी. जो मालक खरोखर सुरक्षिततेसाठी बोलतो त्याला लिहून देण्यात अडचण नसावी. लिहिण्यास नकार आणि फोनवर उत्साह, ही मात्र निराळ्या हेतूची खूण आहे.

येथे आत्मपरीक्षणही हवे. पुरोगामी म्हणविणाऱ्या शिक्षणसंस्था, सहकारी संस्था आणि पतपेढ्या यांच्या दप्तरांतही असे शेरे असतात. संस्थाचालकांशी मतभेद झालेल्या शिक्षकाला किंवा लिपिकाला दाखल्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालायला लावणारी माणसे व्यासपीठावर श्रमप्रतिष्ठेचे भाषण करतात. आपल्या अंगणात जे चालू देतो, त्याविरुद्ध दुसऱ्याच्या फाटकावर घोषणा देता येत नाहीत.

कार्यकर्त्यांपुढील कामे

प्रथम कामगाराच्या हाती त्याची स्वतःची नोंद राहील असे पाहिले पाहिजे. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या, हजेरीपत्र, प्रशिक्षणाचे दाखले, तक्रारींच्या पोच घेतलेल्या प्रती यांचा संच प्रत्येकाने ठेवावा आणि त्याची दुसरी प्रत युनियनच्या कार्यालयात वा नातेवाइकाकडे असावी. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले तेव्हा घरोघरची कागदपत्रे चिखलात गेली. ज्याचा कागद वाहून गेला, तो पुन्हा पूर्णपणे मालकाच्या शब्दावर अवलंबून राहतो.

भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर नोकरी सुटल्याची तारीख व कारण मालक नोंदवितो. तेथे तारीखच न टाकून कामगाराला अडकवून ठेवता येते. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगाराला ही तारीख स्वतः नोंदविता येते, ही सोय २०२० पासून आहे. पण वाड्यावस्त्यांवर ती किती जणांना माहीत आहे? गावागावांत एखादा शिकलेला कार्यकर्ता बसून हे काम एका संध्याकाळी करून देऊ शकेल.

नोकरी सुटतानाचा क्षण सर्वांत नाजूक असतो. कोऱ्या कागदावर सही करू नये. काढून टाकले असताना ‘स्वखुशीने राजीनामा’ लिहून देऊ नये. आरोपपत्र आले तर त्याला लेखी उत्तर द्यावेच. अनुत्तरित आरोप उद्या शेरा बनतो. दाखल्याची मागणी लेखी करावी, त्यात पद, कामाचे स्वरूप आणि कालावधी यांचा उल्लेख मागावा आणि पोच घ्यावी. चुकीचा मजकूर मिळाल्यास त्याच आठवड्यात दुरुस्तीचे पत्र द्यावे.

पुढील मुलाखतीत खोटे बोलू नये. सोडलेली नोकरी लपविली तर ती निधीच्या खात्यावरून उघड होते आणि मग मालकाचा शेरा खरा ठरतो. ‘सुरक्षिततेविषयी तक्रार केल्यानंतर मला काढले, ही तक्रारीची प्रत, हे माझ्या कामाचे दाखले,’ एवढे शांतपणे सांगणे हाच सर्वांत मजबूत बचाव आहे. जुन्या मालकाखेरीज दुसरा साक्षीदारही पुढे करावा: त्याच कारखान्यातून निवृत्त झालेला फोरमन, प्रशिक्षण संस्थेतील निदेशक, पाळीवरचा वरिष्ठ रसायनतज्ज्ञ. सरकारी परीक्षेने मिळणारी प्रमाणपत्रे, जसे बॉयलर परिचर किंवा तारतंत्री यांची, ज्याला शक्य असेल त्याने अवश्य मिळवावीत. ती कोणा मालकाच्या मर्जीने रद्द होत नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे काम युनियनचे आहे. बडतर्फीच्या वादात तडजोड होते तेव्हा चर्चा रकमेची होते. किती महिन्यांचा पगार, किती उपदान, यावर रात्री जागविल्या जातात. दाखल्यात काय लिहिले जाईल, हा विषय कोणी काढत नाही. रक्कम दोन वर्षांत संपते, शेरा वीस वर्षे टिकतो. म्हणून प्रत्येक तडजोडीच्या कराराला दाखल्याचा मजकूर जोडलेला असावा आणि त्या मजकुराव्यतिरिक्त लेखी वा तोंडी काहीही कळविणार नाही, अशी मालकाची हमी करारात असावी. कंत्राटदाराच्या माणसांसाठीही हीच अट मूळ कारखान्यावर बंधनकारक करून घ्यावी. या एका कलमाला पैसा लागत नाही. त्याचा आग्रह तेवढा लागतो.

कायद्याकडून मागणी थोडक्यात अशी असावी: सेवेचा दाखला कायम, कंत्राटी आणि घरकामगार अशा प्रत्येकाचा हक्क, त्यात केवळ वस्तुस्थिती, नव्या मालकाला दिलेला कोणताही अभिप्राय लेखी आणि त्याची प्रत कामगाराला, संघटनेचे काम किंवा सुरक्षिततेची तक्रार यांचा उल्लेख हा दंडनीय अपराध.

काशेडी घाटाच्या पायथ्यापासून बिरवाडीच्या फाटकापर्यंत रोज पहाटे जाणारा माणूस आपले श्रम विकतो. आपले नाव त्याने विकलेले नसते. पगाराच्या मोबदल्यात मालकाला आठ तासांचे काम मिळाले, तेथे व्यवहार पुरा झाला. त्यानंतर त्या नावाचे काय करायचे, हे ठरविण्याचा अधिकार मालकाच्या फोनमधून काढून घेऊन ज्याचे नाव त्याच्याकडे परत दिला पाहिजे. त्याची सुरुवात पुढच्या तडजोडीच्या करारात एक कलम घालून महाडमध्येच करता येईल.